दाढेतली 'चांदी' आणि तिच्यातला पारा

'दाढ किडली होती, चांदी भरून घेतली,' हे वाक्य मराठी घरांतून गेली कित्येक दशके ऐकू येत आहे. आज चाळिशी ओलांडलेल्या अनेकांनी आरशासमोर आ वासून पाहिले, तर मागच्या एखाद्या दाढेत काळसर-करडा ठिपका त्यांना दिसेल. चांदी म्हटले की आपल्या मनात देवघरातले निरांजन, बाळाची वाटी अशा निर्मळ वस्तू उभ्या राहतात. दाढेतली ही चांदी मात्र तशी नव्हे. तिच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग पारा असतो आणि खरी चांदी ही उरलेल्या निम्म्यातला एक हिस्सा असते. दंतवैद्यकात या मिश्रणाला 'डेंटल अमाल्गम' असे म्हणतात. पाऱ्याच्या अशा मिश्रणासाठी मराठीत 'पारदमेल' असा पारिभाषिक शब्द आहे; पण दवाखान्यात तो सहसा कोणी उच्चारत नाही. तिथे ती चांदीच.

हे नाव सोयीचे ठरले, तसा त्याने गैरसमजही पोसला. आतला पारा ज्यांना ठाऊक नव्हता ते निर्धास्त राहिले आणि ज्यांना तो उशिरा कळला त्यांच्यापैकी काही जण घाबरून सुस्थितीतल्या दाढाही पुन्हा पोखरून घेण्यास निघाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या बैठकीत पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सदस्य राष्ट्रांनी दंतवैद्यकातील अमाल्गमचा वापर २०३४ पर्यंत संपुष्टात आणण्याचे मान्य केले. साहजिकच हा विषय पुन्हा चर्चेत आला आहे. तोंडात आधीपासून असलेल्या भरणाचे काय करायचे, नव्या किडीसाठी काय निवडायचे आणि दीडशेहून अधिक वर्षे वापरलेला पदार्थ जग आता का सोडत आहे, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरेही निरनिराळी आहेत. ती एकमेकांत मिसळली की भीती वाढते आणि निर्णय चुकतो.

द्रवाचा घन कसा होतो?

सामान्य तापमानाला द्रवरूप असणारा पारा हा एक विलक्षण धातू आहे. अनेक धातूंना तो आपल्यात सामावून घेतो. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा सोन्याच्या अंगठीला लागला तर अंगठी पांढुरकी होते, याचे कारण हेच. सोन्याचा मुलामा देणारे जुने कारागीर पाऱ्याच्या याच गुणाचा उपयोग करीत असत.

दंतवैद्यकात चांदी, कथिल आणि तांबे यांच्या मिश्रधातूची बारीक पूड वापरली जाते. काही प्रकारांत थोडे जस्तही असते. ही पूड जवळपास तितक्याच वजनाच्या पाऱ्यात घोटली की लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. पारा पुडीच्या कणांच्या पृष्ठभागावर क्रिया करतो, चांदी आणि पारा यांचे नवे स्फटिक तयार होतात आणि ते एकमेकांत गुंतत जाऊन काही मिनिटांत गोळा घट्ट होऊ लागतो. साधारण चोवीस तासांत त्याला जवळजवळ पूर्ण बळ येते. 'आज या बाजूने चावू नका,' असे दंतवैद्य सांगतात ते यासाठीच. घट्ट झालेल्या भरणात मोकळा, वाहता पारा उरत नाही. तो धातूंशी बांधला गेलेला असतो. पण हा बंध पूर्णतः अभेद्य नाही, ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी. पुढचा सारा वाद तिच्यावरच उभा आहे.

जुन्या पद्धतीच्या मिश्रणात कथिल आणि पारा यांचे मिळून एक दुर्बळ संयुग तयार होत असे. भरणाच्या कडा तुटणे, गंजणे, काळवंडणे यांस ते मोठ्या प्रमाणावर कारणीभूत होते. १९६३ मध्ये इनेस आणि यूडेलिस या संशोधकांनी तांब्याचे प्रमाण वाढवलेले मिश्रण मांडले. कथिल पाऱ्याऐवजी तांब्याशी जोडले जाऊ लागले आणि तो दुर्बळ दुवा जवळजवळ नाहीसा झाला. नंतरच्या काळात भरली गेलेली 'चांदी' प्रामुख्याने या अधिक तांबे असलेल्या जातीची आहे.

एका पदार्थावरून झालेले युद्ध

अमाल्गमच्या इतिहासात वाद अगदी आरंभापासून आहे. चीनमध्ये तांग राजवटीच्या काळात, सातव्या शतकात, दात भरण्यासाठी चांदीच्या लगद्याचा उल्लेख आढळतो. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये ऑग्युस्त तावो याने चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात मिसळून दात भरायला सुरुवात केली. त्या काळी दात भरण्याचा प्रतिष्ठित मार्ग म्हणजे सोन्याचा पातळ वर्ख ठोकून बसवणे. तो खर्चिक, वेळखाऊ आणि रुग्णाची परीक्षा पाहणारा होता. स्वस्त आणि चटकन भरता येणारा पर्याय मिळताच त्याला मागणी आली.

१८३३ मध्ये क्रॉकर बंधू हा पदार्थ घेऊन न्यूयॉर्कला पोहोचले. त्यांनी त्याला 'रॉयल मिनरल सक्सिडेनियम' असे भारदस्त नाव दिले. कीड नीट न काढताच ते दात भरीत, अशी त्यांची ख्याती झाली. सोन्यावर ज्यांची कीर्ती आणि कमाई उभी होती ते दंतवैद्य खवळले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या 'अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स' या संस्थेने आपल्या सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची लेखी प्रतिज्ञा मागितली. हा संघर्ष 'अमाल्गम युद्ध' म्हणून ओळखला जातो. त्यात रुग्णाच्या हिताची काळजी होती आणि धंद्याचा मत्सरही होता. अखेर सामान्य रुग्णांची गरज आणि अनेक दंतवैद्यांचा अनुभव यांपुढे प्रतिज्ञा टिकली नाही आणि १८५६ मध्ये ती संस्थाच विसर्जित झाली.

अमाल्गमला शास्त्रीय पाया मिळाला तो १८९० च्या दशकात. अमेरिकेतील ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांनी घट्ट होताना हे मिश्रण किती फुगते, किती आकसते याची मोजमापे घेऊन धातूंचे संतुलित प्रमाण ठरवले, तसेच दातात खाच कशी कोरावी याचे नियमही घालून दिले. त्यांनी आखलेल्या चौकटीत पुढच्या पिढ्यांचे दंतवैद्य शिकले.

पाऱ्याचा प्रश्न मात्र मिटला नव्हता. १९२६ मध्ये आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर सविस्तर लेख लिहिला. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पारा हाताळल्याने त्याला स्वतःलाच विषबाधा झाली होती आणि त्याने दातांतील अमाल्गमकडेही बोट दाखवले. तेव्हापासून दर काही वर्षांनी हा वाद उफाळून येत राहिला.

भरणाचे तंत्र

अमाल्गम दाताला चिकटत नाही. त्याला अडकवून ठेवावे लागते. म्हणून कीड काढून झाल्यावर दंतवैद्य खाचेचा आकार तोंडाशी किंचित अरुंद आणि तळाशी किंचित रुंद ठेवतो, जेणेकरून घट्ट झालेला धातू निसटू नये. यासाठी कधी कधी किडीभोवतीचा थोडा निरोगी भागही कोरावा लागतो. ही या पद्धतीची मोठी किंमत आहे. मोठे भरण असलेल्या दाढेच्या भिंती पातळ राहतात आणि पुढे कधीतरी एखादा कोपरा मोडतो.

धातू उष्णतेचा सुवाहक असल्याने खाच खोल असेल तर खाली संरक्षक थर दिला जातो. अन्यथा गरम चहा आणि थंड पाणी यांची कळ थेट नसेपर्यंत पोहोचते. मग मऊ अमाल्गम थोडे थोडे घालून दाबून ठासले जाते, दाढेच्या उंचसखल आकाराप्रमाणे कोरले जाते आणि रंगीत कागद चावायला देऊन उंचवटे तपासले जातात. चॉकलेटचा चंदेरी कागद चुकून दाताखाली आला की अशा दाढेतून झिणझिणी जाते, हा अनेकांचा अनुभव आहे. दोन वेगळे धातू आणि मधे लाळ अशी ती क्षणभराची विद्युत्-घटमालाच असते.

जुन्या काळी पारा बाटलीतून थेंबाथेंबाने काढून खलबत्त्यात पुडीबरोबर घोटीत असत आणि जादा पारा कापडातून किंवा मऊ चामड्यातून पिळून काढीत असत. गोळा तळहातावर मळण्याचीही रीत होती. त्या पिढीतल्या दंतवैद्यांचा आणि त्यांच्या मदतनिसांचा पाऱ्याशी आलेला संबंध रुग्णापेक्षा कितीतरी अधिक होता. रुग्ण एखाद्या वेळी खुर्चीत बसे. ते दिवसभर त्याच हवेत श्वास घेत. नंतर मोजून भरलेल्या बंद कॅप्सूल आल्या. मधला पडदा फोडून कॅप्सूल यंत्रात काही सेकंद हलवली की मिश्रण तयार होते आणि पारा उघडा होत नाही.

इतकी वर्षे टिकले ते का?

ज्या पदार्थाविषयी इतका वाद झाला तो इतका काळ का टिकला? पहिले कारण म्हणजे त्याची क्षमाशीलता. लाळ, रक्त, हलणारी जीभ, घाबरलेले मूल अशा परिस्थितीतही अमाल्गम बऱ्यापैकी बसते. ओलाव्याने त्याचेही नुकसान होते आणि जस्त असलेल्या मिश्रणात तर ओल गेल्यास ते नंतर फुगते. पण अन्य पदार्थांइतके ते नाजूक नाही. दुसरे कारण बळकटपणा. चावण्याचा सर्वाधिक भार सोसणाऱ्या मागच्या दाढांत ते वर्षानुवर्षे टिकते. तिसरे कारण असे की, भरण आणि दात यांच्यातील सूक्ष्म फट काळाच्या ओघात गंजाच्या थराने आपोआप बुजते. एरवी दोष मानला जाणारा गंज इथे कामी येतो. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे किंमत. सरकारी रुग्णालयांतील आणि दंत महाविद्यालयांतील लांब रांगांमध्ये कमी वेळात, कमी पैशांत दाढ वाचवणारा हा पदार्थ होता. तो नसता तर यांपैकी कितीतरी दाढा उपटल्या गेल्या असत्या.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. रंग दातासारखा नाही. कडेच्या हिरडीवर कधी निळसर-करडा कायमचा डाग उमटतो. दाताला न चिकटल्यामुळे ते दाताच्या भिंतींना आधार देत नाही. आणि आत पारा आहे.

पारा शरीरात जातो का?

जातो, पण किती आणि कोणत्या रूपात, यावर सारे अवलंबून आहे. भरणाच्या पृष्ठभागावरून पाऱ्याची अत्यल्प वाफ सतत निघत असते. चावताना, दात खाताना, बराच वेळ च्युइंगम चघळताना किंवा गरम पेय पिताना ती वाढते. श्वासातून फुप्फुसात गेलेल्या या वाफेपैकी सुमारे ८० टक्के पारा शरीरात शोषला जातो. याउलट भरणाचा एखादा तुकडा गिळला गेला तर त्यातला पारा आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही. सामान्य माणसाच्या भरणांतून मिळणारा पारा दिवसाला काही मायक्रोग्रॅमच्या घरात असतो. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. भरणे जितकी अधिक, तितके लघवीतील पाऱ्याचे प्रमाण अधिक, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे.

प्रश्न असा की, इतक्या पाऱ्याने अपाय होतो का? या संदर्भात मुलांवर झालेले दोन मोठे अभ्यास महत्त्वाचे आहेत. त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पोर्तुगालमध्ये लिस्बन येथील ५०७ आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील ५३४ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला अमाल्गम आणि दुसऱ्याला दातासारख्या रंगाचे कॉम्पोझिट भरण्यात आले. लिस्बनमध्ये सात आणि न्यू इंग्लंडमध्ये पाच वर्षे मुलांवर लक्ष ठेवण्यात आले. अमाल्गमच्या गटात लघवीतील पारा थोडा अधिक आढळला. परंतु स्मरणशक्ती, एकाग्रता, बुद्ध्यंक यांसारख्या कसोट्यांवर दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. उलट लिस्बनमध्ये अभ्यासाच्या उत्तरार्धात कॉम्पोझिटच्या गटातील मुलांना पुन्हा उपचारांची गरज सुमारे दीडपट भासली.

याचा अर्थ सर्वांनी सर्व काळ निर्धास्त राहावे असा नाही. अशा अभ्यासांतून सर्वसाधारण निरोगी मुलांचे सरासरी चित्र कळते. गर्भातील बाळ, मूत्रपिंडाचा आजार असलेला रुग्ण किंवा पाऱ्याची ॲलर्जी असलेली व्यक्ती यांच्याबाबत ते शेवटचा शब्द ठरत नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये गर्भवती, गर्भधारणेचा विचार करणाऱ्या व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, मुले आणि त्यांतही सहा वर्षांखालील बालके, मज्जासंस्थेचे विकार असलेले व मूत्रपिंडांचे कार्य मंदावलेले रुग्ण आणि पाऱ्याची किंवा अमाल्गममधील अन्य घटकांची ॲलर्जी असलेल्या व्यक्ती यांच्यासाठी शक्यतो दुसरा पदार्थ निवडावा, अशी शिफारस केली. त्याच निवेदनात, सुस्थितीत असलेली जुनी भरणे वैद्यकीय कारणावाचून काढू नयेत, असेही बजावले. सल्ल्याचा पहिला भाग ज्यांच्या कानी पडतो, त्यांनी हा दुसरा भागही ऐकायला हवा.

खरा प्रश्न तोंडाबाहेरचा

मग जग अमाल्गम का सोडत आहे? त्याचे मुख्य कारण रुग्णाच्या तोंडात नसून तोंडाबाहेर आहे. जपानमधील मिनामाता या किनारी गावाजवळ एका रासायनिक कारखान्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे समुद्रात सोडले जात होते. त्यातील मिथाइल पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. १९५६ मध्ये तेथील आजाराची अधिकृत नोंद झाली. हातपाय कापणे, तोल जाणे, दृष्टी व वाचा जाणे आणि मुले अपंग जन्मणे अशी त्याची भीषण लक्षणे होती. दाढेतील पारा आणि माशांतील हा मिथाइल पारा ही दोन वेगळी रूपे आहेत, हे आवर्जून सांगायला हवे. परंतु निसर्गात एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर होऊ शकते. पाण्याच्या तळाशी साठलेल्या पाऱ्यापासून जिवाणू मिथाइल पारा तयार करतात. लहान जीव, लहान मासे, मोठे मासे अशा साखळीत तो वाढत जातो आणि मुशीसारख्या मोठ्या भक्षक माशांत सर्वाधिक साठतो.

दंतवैद्याच्या दवाखान्यात जुने भरण कोरून काढले की त्याचा भुगा पाण्याबरोबर गटारात जातो. उरलेला गोळा, रिकाम्या कॅप्सूल, भरणासह उपटलेले दात साध्या कचऱ्यात पडले आणि तो कचरा जाळला गेला तर पारा हवेत जातो. दहनाच्या वेळी मृताच्या दातांतील पाराही वाफ होऊन बाहेर पडतो. ब्रिटनमध्ये शवदाहिन्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या या पाऱ्यावर नियंत्रणासाठी नियम करावे लागले. एका दाढेतला पारा अगदी थोडा, पण जगभरातल्या दाढांचा एकत्र विचार केला की तो थोडा राहत नाही. शिवाय पारा हे मूलद्रव्य आहे. त्याचे विघटन होत नाही. तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, इतकेच.

मिनामाताचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार ऑक्टोबर २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताने २०१४ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली आणि २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. पारा असलेल्या अनेक उत्पादनांना या करारात बंदीची मुदत घालून देण्यात आली. अमाल्गमच्या बाबतीत मात्र सुरुवातीला फक्त वापर कमी करत नेण्याचे धोरण होते. कारण ते बंद केले तर गरीब देशांतील रुग्णांना परवडणारा पर्याय कोणता, याचे उत्तर तेव्हा तयार नव्हते. २०२२ मध्ये दुधाचे दात, पंधरा वर्षांखालील मुले आणि गर्भवती व स्तनदा स्त्रिया यांच्यासाठी वापर टाळण्याची आणि बाटलीतला सुटा पारा बंद करण्याची भर त्यात पडली. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या देशांनी तर २००८-०९ मध्येच अमाल्गमचा वापर जवळपास थांबवला होता. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, रुग्णाच्या विशिष्ट वैद्यकीय गरजेचा अपवाद वगळता, अमाल्गम भरण्यास मनाई झाली. त्यातही काही देशांना परवडणाऱ्या पर्यायांची सोय करण्यासाठी ३० जून २०२६ पर्यंत सवलत देण्यात आली. श्रीमंत युरोपातही ही अडचण आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पर्याय कोणते?

शहरांतील अनेक खासगी दवाखान्यांत अमाल्गमची जागा केव्हाच कॉम्पोझिटने घेतली आहे. रेझिन आणि काचेसारखे सूक्ष्म कण यांचे हे मिश्रण निळ्या प्रकाशाने घट्ट केले जाते. दाताच्या पृष्ठभागावर सौम्य आम्ल लावून सूक्ष्म खडबडीतपणा आणला की ते दाताला चिकटते. त्यामुळे केवळ किडलेला भागच काढावा लागतो आणि निरोगी भाग वाचतो, हा त्याचा मोठाच लाभ. शिवाय रंग दातासारखा. मात्र हे तंत्र काटेकोर आहे. जागा पूर्ण कोरडी हवी, थरावर थर द्यायला हवेत आणि घट्ट होताना पदार्थ किंचित आकसतो याचे भान हवे. घाई झाली तर कडेला फट राहते आणि तिथून कीड पुन्हा शिरते. मागच्या दाढांत अमाल्गमच्या तुलनेत कॉम्पोझिट निकामी होण्याचे आणि त्याखाली पुन्हा कीड लागण्याचे प्रमाण अधिक असल्याचे उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणांतून दिसले आहे. वेळ अधिक लागतो, म्हणून खर्चही अधिक.

दुसरा पर्याय ग्लास आयोनोमर सिमेंटचा. ब्रिटनमध्ये विल्सन आणि केंट यांनी ते विकसित केले. ते दाताला रासायनिक रीतीने जोडले जाते आणि त्यातून फ्लोराइड झिरपते. ताकद कमी असल्याने मोठ्यांच्या भार सोसणाऱ्या दाढेसाठी ते नेहमी पुरेसे पडत नाही, पण दुधाच्या दातांसाठी आणि हिरडीजवळच्या किडीसाठी ते उपयुक्त आहे. वीज आणि ड्रिल यांच्याशिवाय केवळ हाताच्या अवजारांनी कीड खरवडून हे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि ग्लास आयोनोमर यांच्याबरोबर 'सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड' या द्रवाचाही समावेश केला. हा द्रव किडीवर लावला की ती बऱ्याचदा तिथेच थांबते, मात्र तो भाग काळा पडतो. या चांदीत मात्र पारा नाही.

पर्यायही सर्वगुणसंपन्न नाहीत. रेझिनमधील घटकांच्या परिणामांचाही अभ्यास चालू आहे. अमाल्गम गेले आणि त्याच्या जागी घाईने भरलेले, दोन वर्षांत निखळणारे कॉम्पोझिट आले, तर पर्यावरणाचा फायदा होईल, पण रुग्णाचा तोटा. म्हणून २०३४ हे वर्ष पाऱ्याचे दुकान बंद करण्याची तारीख म्हणून जितके महत्त्वाचे, तितकेच सरकारी दंत रुग्णालयांत पर्यायी साहित्य, प्रकाशयंत्रे आणि प्रत्येक रुग्णासाठी पुरेसा वेळ पोहोचवण्याची मुदत म्हणूनही महत्त्वाचे आहे. ही तयारी झाली नाही तर त्याची किंमत ज्यांच्यासाठी अमाल्गम स्वस्त होते, तेच मोजतील.

आपण काय करावे?

तोंडात जुनी चांदी असेल, ती तुटलेली नसेल, कडेला फट नसेल, खाली कीड नसेल आणि दाढ दुखत नसेल, तर ती तशीच राहू द्यावी. ती कोरून काढताना एरवीपेक्षा कितीतरी अधिक पारा वाफ आणि धूळ होऊन बाहेर पडतो, शिवाय दाताचा निरोगी भागही जातो. पारा टाळण्यासाठी केलेल्या उपायाने काही काळ शरीरातील पारा वाढावा, हा विरोधाभास ओढवून घेण्यात शहाणपण नाही. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात, तातडीची गरज नसल्यास, भरण काढणे आणि नव्याने अमाल्गम भरणे दोन्ही टाळावे. थकवा, विस्मरण, सांधेदुखी यांचे खापर दाढेवर फोडून एका बैठकीत सारी भरणे बदलून देण्याची हमी कोणी देत असेल, तर आधी दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे.

भरण बदलणे आवश्यकच असेल तर ते कसे काढणार, हे विचारायला संकोच करू नये. दाताभोवती रबराचा पडदा, जोरदार सक्शन, भरपूर पाणी आणि भुगा कमीत कमी होईल अशा रीतीने मोठ्या तुकड्यांत काढणे, एवढी काळजी घेतली की रुग्णाचा आणि दंतवैद्याचाही पाऱ्याशी संबंध बराच कमी होतो. काढलेले तुकडे कुठे जातात, हेही विचारावे. ते बेसिनमध्ये किंवा साध्या कचऱ्यात न टाकता झाकणबंद बरणीत वेगळे साठवून पाऱ्याच्या कचऱ्यासाठीच्या व्यवस्थेकडे सोपवणे ही योग्य रीत आहे. रुग्ण प्रश्न विचारू लागले की दवाखान्यांच्या सवयीही बदलतात.

नव्या किडीसाठी पदार्थ निवडताना केवळ रंग किंवा केवळ भीती हा निकष नसावा. दाढ कोणती, कीड किती खोल, जागा कोरडी राहू शकते का, रुग्णाचे वय आणि आरोग्य काय, पुन्हा खर्च करण्याची ऐपत किती, या सगळ्याचा विचार दंतवैद्याबरोबर बसून करावा. मुलांसाठी तर आता पाराविरहित पर्यायच निवडावा.

आणि शेवटी एक जुनीच गोष्ट. सोन्याच्या वर्खापासून निळ्या प्रकाशात घट्ट होणाऱ्या रेझिनपर्यंत दंतवैद्यकाने अनेक पदार्थ पाहिले. निसर्गाने घडवलेल्या दंतवल्काची बरोबरी यांपैकी एकालाही करता आलेली नाही. प्रत्येक भरण हे कधी ना कधी बदलावे लागते आणि दर वेळी खाच थोडी मोठी होते. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासणे, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी न चुकता. दोन जेवणांच्या मधे गोड आणि चिकट पदार्थ कमी खाणे. आणि दुखण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा तपासणी करून घेणे, या साध्या सवयींमुळे दाढेत काय भरायचे हा प्रश्न पुष्कळदा उद्भवतच नाही.